वाराची भाजी

भाविकाच्या घरी भाजी वाराला व्हायची. सोमवार शंकराचा आणि शनिवार मारुतीचा. त्या दोन दिवशी ताटात वरण-भात, पोळी आणि एखादी भाजी. बाकीचे दिवस माशांचे. तिचा नवरा हितेश सकाळीच उरण नाक्याच्या मार्केटात जायचा आणि पापलेट, कोलंबी, बांगडा, जे ताजं मिळेल ते घेऊन यायचा. मग कालवण, तळलेली तुकडी आणि भात. त्या ताटात भाजीला जागा नव्हती. असं कुणी ठरवून केलेलं नव्हतं. पण घरातल्या सगळ्यांच्या भुका त्या हिशोबाने लागायच्या. सोमवारी शाळेतून आल्यावर मनस्वी विचारायची, "आज जेवायला काय?" आणि आईने तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणायची, "काही नाही. आज वार."

भाविका कळंबोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. आठवी ते दहावीच्या मुलांना 'संतुलित आहार' शिकवताना ती फळ्यावर ताटाचं चित्र काढायची आणि अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं भरायची. मुलं चित्र उतरवून घ्यायची आणि मधल्या सुट्टीत समोरच्या गाडीवर वडापाव खायची. याचं तिला वाईट वाटत असे, पण ते दुसऱ्यांच्या मुलांबद्दल वाटतं तेवढंच.

मग स्वतःच्या मुलीवर वेळ आली.

मनस्वी नववीत होती, पनवेलच्या दुसऱ्या शाळेत. कबड्डीत ती चढाई करायची. अंगाने काटकुळी, पण समोरच्याला स्पर्श करून रेषेकडे अशी निसटायची की पकड करणाऱ्यांच्या हातात नुसती हवा यायची. दसऱ्यानंतर शाळेत तपासणी झाली, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं. दोनतीन महिन्यांपासून ती दुसऱ्या डावात धापा टाकत होतीच. प्रशिक्षक प्रांजल मॅडमनी भाविकाला बोलावून सरळ सांगितलं.

"हिला मी जिल्हा स्पर्धेला नेणार आहे. पण अशी नाही. मागच्या सामन्यात चढाईहून परत आली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून खाली बसली. मॅटवर कोसळली तर जबाबदार कोण? स्पर्धेच्या आधी पुन्हा तपासा. सुधारणा दिसली तर खेळेल, नाहीतर राखीव."

मनस्वी शेजारी उभी होती. राखीव म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. राखीव मुली बाटल्या भरतात.

डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, पाळीबद्दल विचारलं. "फार घाबरण्यासारखं नाही. शाळेत आठवड्याला गोळी मिळते ती चुकवायची नाही. आणि जेवण सुधारा. हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, फळं. काय खाते ही?"

"मासे," भाविका म्हणाली.

"आणि भाज्या?"

मनस्वीने छताकडे पाहिलं. फळ्यावरचं ताट भाविकाच्या डोळ्यांपुढे होतं. अर्धं भरलेलं, रंगीत खडूंचं.

त्याच रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "आजपासून आपल्याकडे मंगळवार आणि गुरुवारही वार. त्या दिवशी भाजी."

तिच्या डोक्यात सरळ हिशोब होता. या घरात भाजी वाराला होते, म्हणून भाजी वाढवायची तर वार वाढवायचे. दुसरा रस्ता असू शकतो, हे तिच्या मनात आलंच नाही.

हितेशचा घास हातात राहिला. सासूबाई, हौसाबाई, मात्र ताटावरून उठून तिच्याजवळ आल्या. त्यांचं सगळं आयुष्य उलव्याकडच्या गावात, मिठागराच्या कडेला गेलं होतं. जमीन संपादनात गेली, तेव्हा रोडपालीला हा फ्लॅट घेतला. चार मजले वर राहायला लागून बरीच वर्षं झाली, तरी त्या लिफ्टमध्ये शिरताना पदर डोक्यावर घ्यायच्या. सून एम.एस्सी. झालेली, देवासमोर दिवा लावते पण मागत काही नाही, ही त्यांची जुनी खंत होती.

"पोरीसाठी नवस केलास?" त्यांनी विचारलं. डोळ्यांत पाणी होतं.

नाही म्हटलं असतं तर सगळं समजावून सांगावं लागलं असतं. लोह, तंतुमय पदार्थ, जीवनसत्त्वं. आणि समजावूनही हितेश म्हणाला असता, आठवड्यातून दोनदा बास. नवस म्हटल्यावर मात्र या घरात कुणी वाद घालत नाही. भाविकाने मान हलवली.

"काय बोललीस? पोरगी खेळूं दे म्हनून?"

भाविकाने पुन्हा मान हलवली. चर्चा तिथेच संपली. हितेशने मुकाट्याने घास तोंडात घातला.

पहिल्या मंगळवारी पालकाची भाजी झाली, गुरुवारी दुधी, पुढच्या आठवड्यात दोडका आणि मेथी. भाविका सगळं पुस्तकाप्रमाणे करत होती. पालेभाजी जास्त शिजवायची नाही, ताटात लिंबाची फोड, जेवणानंतर लगेच चहा बंद. डब्यात सफरचंदाच्या फोडी द्यायची. त्या संध्याकाळी तपकिरी होऊन परत यायच्या. केळं तर मनस्वीने एका दिवसात निकालात काढलं. "मम्मी, केळं काय देतेस? माझा उपास आहे का?"

वाराच्या दिवशी जेवणं लवकर आटपायची. हितेश ताटाकडे बघत वरण-भात कालवायचा आणि उठायचा. हौसाबाई नातीला म्हणायच्या, "खा गो. तुजी आय तुज्यासाठी करते. देवासाठी खा." मनस्वी भाजीचा एक घास पाण्याबरोबर गिळायची आणि भात-वरणावर पोट भरायची. कधी संध्याकाळी सरावाहून येतानाच वडापाव खाऊन यायची. विचारलं तर म्हणायची, "वडापाव शाकाहारी असतो, मम्मी. वार मोडला नाही मी."

भाविकाला वाटलं, वेळ लागेल. नवी सवय लागायला वेळ लागतोच.

हौसाबाईंनी मात्र वेळ घालवला नव्हता. सोसायटीच्या मागच्या देवळात त्यांनी तिथल्या मैत्रिणीला, गुणाबाईला सांगितलं, गुणाबाईने बाकीच्यांना. मग गावी दिरांकडे फोन गेला. एका रविवारी दिरांच्या घरची माणसं आली, तेव्हा जाऊबाईंनी भाविकाचा हात हातात घेतला. "आमाला वाटायचं, शिकलेली बाई, तुला काय वाटतंय की नाय देवाचं. पन पोरीसाठी तोंडातला मासा सोडलास." भाविका हसली. चहा टाकायला उठून गेली. देवघरात एक नारळ वेगळा ठेवलेला होता, हळद-कुंकू लावून. तो नवसाचा आहे, हे तिला दोन दिवसांनी कळलं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिने मनस्वीचं रक्त पुन्हा तपासून घेतलं. आकडा होता तिथून थोडा खालीच आला होता.

डॉक्टर म्हणाल्या, "असं होऊ नये. आता रोजची गोळी सुरू करूच. पण खाण्यात काय बदल केला?"

"खूप केला," भाविका म्हणाली. "आता चार दिवस शाकाहारी."

डॉक्टरांनी काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी बाळ मोठ्याने रडायला लागलं आणि त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावताना भाविकाच्या मनात आलं, की हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारलं आणि ते कानाला बरोबर लागलं नाही. काय चुकलं, ते मात्र तिला सापडेना.

ते सापडलं पुढच्या बुधवारी, मैदानाच्या कडेला.

सराव संपायचा होता. आलियाची आई जमिला स्कूटर लावून उभी होती. आलिया संघातली पकड करणारी, मनस्वीची मैत्रीण. या मायलेकी पनवेलात मशिदीच्या मागच्या गल्लीत राहायच्या. आलियाचा बाप नावेद कुवेतला होता. मनस्वी सरावानंतर कधीकधी त्यांच्याकडे अभ्यासाला थांबायची.

"भाविकाताई, एक विचारायचं होतं," जमिला म्हणाली. "तुमच्याकडे दुधीत काय टाकता हो? तुमची पोरगी दुधीची एवढी शौकीन! आमच्या आलियाला सांगून दमले मी, ती शिवत नाही."

"मनस्वी? दुधी?"

"मागून मागून खाते. गुरुवारी दुधी-गोश्त केलं होतं, पातेलं पुसून घेतलं तिने. आलिया बोटी उचलते, ही फोडी उचलते. दोघींचं भांडणच नाही."

"गुरुवारी?"

जमिलाच्या चेहऱ्यावरचं हसू कमी झालं. "काही चुकलं का? मी विचारलं होतं तिला, बेटा, आज चालतं ना? म्हणाली, चाची, आमच्याकडे सगळं चालतं."

"नाही, नाही. काही चुकलं नाही," भाविका म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही."

परतताना कळंबोली सर्कलला ट्रेलरची रांग लागली होती. पोलादाच्या गुंडाळ्या लादलेले ट्रेलर इंच इंच पुढे सरकत होते. भाविकाने स्कूटर बंद केली. मागे मनस्वी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसली होती, घामाच्या वासासकट.

"तुला दुधी आवडतो, हे मला जमिलाकडून कळलं."

हनुवटी खांद्यावरून उठली. मग, "आजीला सांगणार आहेस?"

"आधी मला सांग. माझ्या दुधीत काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही गं." मनस्वी शब्द शोधत होती. "तू दुधी करतेस ना, तेव्हा घरात कुणीतरी वारल्यासारखं वाटतं. सगळे गप्प. पप्पा मान खाली घालून जेवतात. आजी म्हणते, देवासाठी खा. आलियाकडे दुधी म्हणजे जेवण असतं. आपल्याकडे शिक्षा असते. मी काय केलंय, मम्मी? रक्त कमी आहे, तर तुम्ही माझे मासे काढून घेतले."

पुढचा ट्रेलर हलला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. भाविकाने स्कूटर सुरू केली, पण तिचं अर्धं लक्ष त्या शेवटच्या वाक्यावर राहिलं.

रक्त कमी आहे, तर मासे काढून घेतले. पालेभाजीतलं लोह शरीरात फार थोडं शोषलं जातं. मासळी आणि मटणातलं सहज शोषलं जातं, आणि शिवाय सोबत खाल्लेल्या भाजीतलं लोहही जास्त शोषायला मदत करतं. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. हे तिने प्रश्नपत्रिकेत विचारलं होतं. 'कारणे द्या', दोन गुण. वर्गात ती ते बिनचूक सांगायची आणि घरी आल्यावर, ज्या पोरीला आठवड्यातून दोनच दिवस मासा मिळत नव्हता, तिच्या तोंडून तो चार दिवस काढून घेत होती. कारण तिच्या स्वयंपाकघरात मासा आणि भाजी कधी एका पातेल्यात आलेच नव्हते. एक आलं की दुसरं जाणार, हे तिने धरून चाललेलं होतं.

आणि तसं नेहमीच नव्हतं, हेही तिला आठवलं. तिचं माहेर शिरढोणचं. आई अंबाडीत सुकट घालायची, वांग्यात सुके बोंबील, शेवग्याच्या शेंगांत मूठभर कोलंबी. मूठभरच, कारण तेवढीच असायची. भाजी घालून ती सगळ्यांना पुरवायची. पुढे जमिनींचे पैसे आले, मासे किलोने यायला लागले, आणि पातेल्यातून भाजी निघून गेली. तिला वाराशिवाय जागा उरली नाही.

म्हणजे उद्या, गुरुवारी, अंबाडी आणि सुकट. अडचण एकच होती. उद्या वार होता, आणि तो वार नवसाचा होता.

हौसाबाई गॅलरीत चटईवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. मनस्वी आंघोळीला गेली होती, हितेश यायचा होता. भाविका त्यांच्यासमोर खाली बसली. तिने चार काड्या उचलल्या आणि निवडायला सुरुवात केली. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं.

"आई, उद्यापासून मनस्वीला मंगळवारी आणि गुरुवारी मासे द्यायचे आहेत. अंबाडीत सुकट घालतात तसे, भाजीत घालून."

"नवसाच्या वारी?"

"तो नवस नव्हता."

हौसाबाईंचे हात थांबले.

"मी नवस केलाच नव्हता, आई. मला तिच्या पोटात भाजी जावी असं वाटत होतं. तुम्ही विचारलंत आणि मी मान हलवली. बोलणं वाचेल म्हणून. मग तुम्ही सगळ्यांना सांगितलं, आणि मला ते मागे घेता येईना."

हौसाबाईंनी निवडलेली कोथिंबीर आणि न निवडलेली, असे दोन ढीग उगाच थापटून सारखे केले.

"मी गावाला फोन केला," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुज्या दिराला रडू आलं फोनवर."

"माहीत आहे."

"त्या गुनाबाईला तर मी कितींदा सांगितलं. आमची सून, आमची सून." त्यांनी एक काडी मोडली. "आनि तू मला भाजी खायाला लावायला देवाला पुढं केलंस."

भाविका म्हणाली, "मनस्वीचं रक्त वाढलं नाही. उलट कमी झालं. मासे बंद केले म्हणून झालं असावं. मी शिकवते हे, आई, आणि माझ्या लक्षात आलं नाही. पुढची तपासणी तशीच आली, तर ती राखीव बसेल."

हौसाबाई आत बाथरूमच्या दिशेने पाहत राहिल्या. आतून पाण्याचा आणि मनस्वीच्या बेसूर गाण्याचा आवाज येत होता.

"मान हलवलीस ना?" त्यांनी अखेर विचारलं.

"काय?"

"मी विचारलं, पोरगी खेळूं दे म्हनून बोललीस काय, तवा मान हलवलीस. दोनदा हलवलीस. मी डोल्यांनी बगितलं. नारल बी बांधला. देवाला काय तुज्या मनातलं आदी विचारायचं? मान हलवली, झाला नवस."

"आई, पण मनस्वीला..."

"मनस्वीचा काय संबंद?" हौसाबाई चिडूनच म्हणाल्या. "नवस कोनी केला? तू केला. नवस जो करतो तो पालतो. पोरीच्या तोंडाला कोन टालं लावतं? तिला खाऊं दे, मासा खाऊं दे, काय पायजे ते खाऊं दे. वार तू पालायचास. ती खेलेपरेंत. मंगलवार आनि गुरवार. आनि मी हाय तुज्यासोबत, येकटी नाय करनार."

भाविका त्यांच्याकडे बघत राहिली. यात कुठेतरी पळवाट असली पाहिजे, असं तिला वाटलं. पण नव्हती.

"भाजीत मासा घालायचं मी आधी तुम्हालाच का नाही विचारलं?" ती स्वतःशीच म्हणाली.

"मला विचारलंस काय कदी?" हौसाबाईंनी कोथिंबिरीची जुडी तिच्या मांडीवर टाकली. "आनि आमी अंबाडीत सुकट घालायचो ती काय शास्त्र म्हनून नाय. सुकट थोडी असायची. उगाच माज्या नावावर काय लिवू नकोस."

गुरुवारी संध्याकाळी भाविकाने अंबाडीचा पाला धुऊन, चिरून, वाफवून पाणी काढून टाकलं. सुकट तव्यावर भाजली, चोळून पाण्यातून काढली. कांदा, लसूण, हळद, मिरची. सुकट तेलात पडली तसा तिचा वास घरभर झाला आणि हितेश चपलेसकट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "आज गुरुवार ना?" त्याने विचारलं. "तुम्हा दोघांचा साधा गुरुवार. वार फक्त माझा आणि आईंचा," भाविका म्हणाली. आपल्यासाठी आणि सासूबाईंसाठी तिने बिनसुकटीची अंबाडी आधीच बाजूला काढून ठेवली होती.

पण मीठ कसं पाहायचं? पातेल्यात पळी घालून ती तळव्यावर थेंब घ्यायला गेली आणि थांबली. वार. हौसाबाई दारातून पाहतच होत्या.

"मनस्वी, इकडे ये. मीठ बघ."

मनस्वी मोबाईल हातात घेऊन आली. एक थेंब चाटला. "कमी आहे." भाविकाने चिमूटभर टाकलं. "अजून. आणि आंबट जास्त झालंय. गूळ टाक ना थोडा." गूळ पडला. "थांब, मला बघू दे." आता तिने मोबाईल ओट्यावर ठेवला होता आणि पळी स्वतःच्या हातात घेतली होती. तिसऱ्यांदा चव पाहताना तिने पळीभर पाला सुकटीसकट तोंडात टाकला, आणि चावत चावत म्हणाली, "हे काय आहे पण?"

"अंबाडी."

"पालेभाजी?"

"हो."

मनस्वीने क्षणभर विचार केला. "सुकट जास्त टाकायला हवी होती," ती म्हणाली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.

पुढच्या मंगळवारी शेवगा आणि कोलंबी, गुरुवारी वांगं आणि बोंबील. भाविकाला चव घेता येत नव्हती, म्हणून मनस्वीला ओट्यापाशी उभं राहावं लागायचं. उभं राहायचंच, तर ती कापूनही द्यायला लागली. कापायचं, तर काय आणायचं हेही तिनेच ठरवायला सुरुवात केली. पालक तिने साफ नाकारला आणि नाकारलेलाच राहिला. कारलं "माझ्या लग्नानंतर बघू" म्हणून बाजूला काढलं. पण मुळा चालला, गवार सुक्या कोलंबीच्या सोड्यांत चालली, आणि एका सोमवारी, खऱ्या वाराच्या दिवशी, तिने नुसता दुधी खाल्ला. "ठीक आहे," ती म्हणाली. "आलियाकडच्यासारखा नाही. पण ठीक आहे."

फळांचं काम भाविकाने सोडूनच दिलं होतं. ते मैदानाबाहेरच्या गाडीवर झालं. सरावानंतर आलिया आणि मनस्वी पेरू घ्यायच्या, तिखट-मीठ लावून, आणि अर्धा अर्धा खायच्या. भाविकाने डब्यातल्या फोडी बंद करून मनस्वीच्या दप्तरात तिखट-मिठाची पुडी ठेवली.

स्पर्धेच्या आधी तिसऱ्यांदा रक्त तपासलं. आकडा वाढला होता. प्रांजल मॅडमनी तो पाहिला, मनस्वीला मैदानाच्या दोन फेऱ्या धावायला लावलं, तिचा श्वास ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ये आत." आकड्यातली वाढ रोजच्या गोळ्यांची किती आणि सुकटीची किती, हे भाविकाला सांगता आलं नसतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रयोग लिहून आणला असता, तर तिने त्याला परत पाठवलं असतं.

जिल्हा स्पर्धेत त्यांचा संघ उपांत्य फेरीत हरला. मनस्वी शेवटपर्यंत मॅटवर होती. दुसऱ्या डावात तिने सलग चढाया केल्या, दोनदा पकडली गेली, एकदा तिघींना बाद करून परत आली, आणि तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या हौसाबाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की पंचांनी वळून पाहिलं. सामना संपल्यावर मनस्वी रडली. आलिया तिच्या पाठीवर थापा मारत स्वतःही रडली. जमिलाने दोघींच्या हातात पाण्याच्या बाटल्या दिल्या. त्या बाटल्या राखीव मुलींनी भरलेल्या होत्या.

"हरलो, आजी," मनस्वी म्हणाली. "तुझा नवस फुकट गेला."

"माजा कसला? तुज्या आयचा," हौसाबाई म्हणाल्या. "आनि नवस खेलायचा होता, जिंकायचा नाय. खेललीस ना? मंग फिटला. उद्या नारल फोडूं."

नारळ फोडला. प्रसाद वाटला. गुणाबाईला पहिला तुकडा मिळाला.

त्यानंतरच्या मंगळवारी भाविका वार पाळणार नव्हती. शेवग्याच्या शेंगा तिने बोटभर तुकड्यांत कापल्या, कोलंबी सोलली, खोबरं वाटलं. कालवणाला उकळी आली, तेव्हा इतक्या दिवसांनी तिने पळी उचलली, तळव्यावर थेंब घेतला आणि तो तोंडापर्यंत नेला.

"मम्मी, थांब!" मनस्वी हॉलमधून धावत आली. तिने आईच्या हातातली पळी काढून घेतली. "तू नको. तुला मिठाचं कळत नाही."

भाविकाने तळवा नळाखाली धरला आणि ती बाजूला सरकली.